सोडली का?

आमच्या घरी धानाच्या ढोलीत धानासोबत एक लोखंडी हँडल राहत असे. ढोली बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, माझ्या डोक्याच्याही वर जाणारी. दिवस मावळायला आला की माय पाटावर उभी राहून खांद्यापर्यंत हात आत घालायची आणि ते हँडल खोल धानात पुरून टाकायची. सकाळी पुन्हा तसाच हात घालून बाहेर काढायची, तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, सगळीकडे भुसा. हँडल जीपचं होतं. जीपची बॅटरी मेलेली, त्यामुळे समोरच्या जाळीखालच्या भोकात हँडल घालून जोरानं फिरवलं तरच इंजिन धडधडायचं. पण माय ते चोरांच्या भीतीनं लपवत नव्हती. माझा मोठा भाऊ मोरू, ज्याला मी दादा म्हणायची, त्यानं त्याच हँडलनं बाबूजींचं डोकं फोडायची शपथ घेतली होती, आणि दादा शपथा पाळणारा होता. बाबूजींनी शपथबिपथ काही घेतली नव्हती. त्यांना हात उचलायला शपथ लागत नसे.

माझी नात ऋतू या घडीला अंगणात एका जुन्या मिलिटरी जीपखाली उताणी पडलेली आहे, मला तिचे फक्त बूट दिसतात. ती अशा जीपा हुडकून विकत घेते, हाडं-हाडं वेगळी करून पुन्हा जोडते, आणि रविवारी चांगल्या डांबरी रस्त्यावरून खाली उतरवून मुद्दाम चिखलात घालते. याला ऑफ-रोडिंग म्हणतात. आमच्या वेळी सिहोऱ्याकडचे सगळेच रस्ते ऑफ-रोड होते, पण त्याचे फोटो कोणी काढत नव्हतं. "आजी, तुझ्या त्या पहिल्या जीपचं लिही ना," हे तिनंच माझ्या मागे लावलं. तिला वाटतं मी इंजिनाबद्दल लिहीन. लिहीनही. पण आमच्या त्या जीपमधून मारामारी वगळली तर उरतो नुसता पत्रा, आणि तोही तेलाच्या डब्याचा.

बाबूजी मूळचे धुरकरी, म्हणजे गाडी हाकणारे. आमच्याकडे थंडीत गावोगाव शंकरपट भरतात, बैलजोड्यांच्या शर्यती, आणि बाबूजींची जोडी सुटणार म्हटलं की नदीपलीकडची माणसं येत. दोन बैलांपैकी सरदार त्यांचा जीव. मला नाव घेऊन हाक मारताना ते अडखळायचे, सरदारला हाक मारताना कधी नाही. एका पटात पळता पळता सरदारचा पाय घुशीच्या बिळात गेला आणि हाड कातडं फाडून बाहेर आलं. लोक म्हणाले, खाटकाला बोलवा. बाबूजींनी कुऱ्हाड मागून घेतली आणि दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. घरी आले तेव्हा धोतर कमरेपर्यंत लाल होतं. मायनं लाखोळीची डाळ आणि भात वाढला, त्यांनी ताट भिंतीवर फेकलं, मग स्वतःच भिंतीवरचा डाळीचा ओघळ बघत बसले. आठवड्याच्या आत दुसरा बैल विकला, जबलपूरला फौजेच्या मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव होतो असं कुठून तरी ऐकलं, आणि तिथून एक जीप उचलून आणली. ज्याचा पाय मोडत नाही असं जनावर पाहिजे, एवढंच त्यांनी सांगितलं.

ते जनावर तुमसरच्या स्टेशनवरून गावात आलं ते मामाच्या बैलजोडीला दोरखंडानं बांधून. टायर सपाट, डोळे फुटलेले, आणि बाबूजी वर ताठ बसलेले, हातात कासरा. गाव पोट धरधरून हसलं. चावडीपाशी एकजण ओरडला, "काय बे गणपत, दोन बैल गमावून तिसरा मुका आणला काय?" बाबूजी खाली उतरले, चालत त्याच्यापाशी गेले, आणि एकच ठोसा दिला. लोक नवीन गाडीपुढे नारळ फोडतात. आमच्या गाडीपुढे दात फुटला.

आता त्या दिवसांतल्या माझ्याबद्दल सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की या घरात शहाणी मी एकटीच. जीपच्या डाव्या बाजूला पत्र्यात एक गोल भोक होतं. मी पाहताक्षणी ठरवलं की ती गोळी. गोळी म्हटल्यावर शिपाई आला, शिपाई म्हटल्यावर तो मेलाच पाहिजे, आणि मेला म्हटल्यावर माझं त्याच्यावर प्रेम बसलं. दुपारी घर झोपलं की मी जीपमध्ये जाऊन बसायची, भोकात बोट घालून डोळे पुसायची, आणि त्या बिचाऱ्यासाठी सुक्या झिंग्यांची चटणी आणि भात पानावर नेऊन ठेवायची. तो भात मांजर खायचं. मला वाटायचं, त्याचा आत्मा मांजरात आला. गालाला काळं तेल मुद्दाम फासून मी विहिरीवर जायची, म्हणजे बायकांनी विचारावं. कोणी विचारत नसे. मागच्या महिन्यात ऋतूच्या जीपवर त्याच जागी तसंच भोक पाहिलं आणि माझा ऊर पुन्हा भरून आला. "हिलाही गोळी लागली का गं?" म्हटलं. ती म्हणाली, "आजी, इथे फावडं अडकवायचा पट्टा असतो. त्याच्या बोल्टचं भोक आहे ते." म्हणजे उभं तारुण्य मी एका फावड्यासाठी रडले.

इंजिन गंजून जाम होतं. दादा मँगनीजच्या खाणीवर ट्रकचा क्लीनर होता, तिथे गाडी हाकायला शिकला होता. त्याला बाबूजींनी घरी बोलावून घेतलं, म्हणजे खाणीवर जाऊन सगळ्यांदेखत कॉलर धरून आणलं. दादानं प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि तेल ओतून इंजिन भिजत घातलं, जसे वाल भिजत घालतात. मग वॉल्व्ह काढून हातानं घासणं सुरू झालं. तो खर्र खर्र आवाज अंगणात दिवसभर चालायचा आणि दातांत जायचा. तळाचा पत्रा सडलेला होता, तिथे तेलाचे डबे कापून ठोकले. रेडिएटर गळायचा, त्यात मायच्या डब्यातली हळद ओतली, आणि ती गळती खरंच थांबली. माय मात्र थांबली नाही, हळदीसाठी तिनं दोघांना फुकणीनं बडवलं. रॉकेलचा वास भाताला येत होता, डाळीला येत होता, माझ्या वेणीला येत होता. आणि या सगळ्याच्या मधून मधून पाने उडत. नट आवळायचे पाने म्हणते मी. बाबूजींना राग आला की हातात असेल ते सुटायचं. दादाची भुवई फुटली ती बारीक पान्यानं, नख गेलं ते जाड पान्यानं. दादाही काही गाय नव्हता. त्यानं एकदा बाबूजींना ढकलून चिखलाच्या बांधीत पाडलं आणि वर रोवण्याच्या पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी मारली. मी कुंपणावर बसून पाहत असायची आणि मनातल्या मनात शिपायाला सांगायची, घाबरू नको, घरचेच आहेत.

भांडणाचं मूळ होतं भाषा. गाडीच्या एकाही भागाचं इंग्रजी नाव बाबूजी तोंडात घेऊ द्यायचे नाहीत. त्यांनी सगळ्यांची बारशी करून टाकली होती. स्टिअरिंग म्हणजे कासरा. ब्रेक म्हणजे वेसण. हँडल म्हणजे शेपटी, कारण बसलेल्या बैलाची शेपटी पिळली की तो उठतो; "या जनावराची शेपटी देवानं तोंडात देल्ली," असं ते कौतुकानं म्हणत. गिअर टाकणं म्हणजे जू घालणं, गाडी जुंपणं. आणि गिअर काढणं म्हणजे अर्थातच गाडी सोडणं. इथपर्यंत गंमत होती. पण हाकायचा दादाच असला तरी बंद गाडीत कासऱ्यावर बसून बाबूजी जू घालायचे, आणि उतरताना तिला सोडायचे नाहीत. गिअर तसाच. दादा कपाळ बडवून घ्यायचा.

"बाबूजी, न्यूट्रल काहून नाई करत?"

"गडी बिडी प्यायले बसला म्हून का बैल सोडते का कोनी? जुंपूनच ठेवते. येडा!"

"हे बैल नोहोय! गिअर राहिला आन मी हँडल मारलं तर अंगावर येईन ना माह्या!"

"शेपटी म्हन."

अंगावर एकदा आलीही होती. इंजिन थंड होतं म्हणून एका उसळीवर भागलं, जीपचं नाक दादाच्या पोटाला लागलं आणि तो ढोलीवर जाऊन आदळला. तेव्हापासून हँडल घालण्याआधी तो दर वेळी ओरडून विचारायचा, "न्यूट्रल आहे का?" आणि दर वेळी बाबूजींचं उत्तर यायचं, "गाडी सोडली का म्हन, तं सांगतो." एकदा दादा हट्टाला पेटला. न्यूट्रल म्हंजे न्यूट्रल. बाबूजींच्या हातातला पाना सुटला तो दादाच्या कानावर बसला. कानाची पाळी चिरली, रक्त मानेवरून बनियनवर आलं. दादानं हँडल उपसून घेतलं आणि बाबूजींच्या डोक्यावर उगारलं. मी किंचाळले, म्हणजे किंचाळायचं ठरवलं, आवाज निघाला नाही. माय चुलीपाशी भाताची पेज काढत होती. ती उठली आणि उकळती पेज दोघांच्या पायांवर ओतली. दोघंही अंगणात एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागले, आणि तसंच नाचत नाचत दादानं शपथ घेतली, "आता एकदा माह्यावर हात उचलला ना बाबूजी, तं याच शेपटीनं डोस्कं फोडीन! मायची आन!"

त्या दिवसापासून हँडल ढोलीत. मायला ठाऊक होतं की यातला एकजण दुसऱ्याच्या हातून जाणार, फक्त कोण आणि कधी एवढंच बाकी आहे. जेवताना ती दोघांच्या मध्ये बसायची. वाढताना दोघांना वेगवेगळ्या हातांनी वाढायची.

मग आमच्याच गावचा पट आला. सकाळपासून माय लाखोळीचे वडे आणि सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळत होती, पाहुणे ओसरीत मावत नव्हते, आणि जीप हिरवा रंग लावून, डोळे बसवून, अंगणात उभी होती. शेवटच्या शर्यतीआधी गणपतची जीप पटावरून एक फेरी मारणार असं पंचांनी जाहीर केलं होतं. जिथे सरदार पडला त्याच पट्टीवरून. बाबूजींनी नवं धोतर नेसलं, मिशीला तूप लावलं. आणि मायनं हँडल बाहेर काढलं, पण दिलं नाही. दोघांना समोर उभं केलं.

"आज सण हाय. गाव पाहून राहिलं. दोघंबी हात खाली ठेवजा. कोनी तोंड उघडलं तं शेपटी विहिरीत."

बाबूजी म्हणाले, "त्याले सांग."

दादानं त्या कापलेल्या कानावरून हात फिरवला. मग म्हणाला, "जाऊ दे माय. आज थे म्हनतीन तसं. त्याईचेच शब्द."

माय त्या शब्दानं इतकी हरखली की तिनं त्याच्या तोंडात गरम वडाच कोंबला.

एरवी दादा हँडल मारायचा तेव्हा आत मी बसायची, पायानं हलकं पेट्रोल द्यायला. मला त्याची फार घमेंड होती. पण पटावर हजार माणसांपुढे पोरगी कासऱ्यावर कशी बसणार? बाबूजी म्हणाले, इंजिन पेटेपर्यंत मी बसतो, मग मोरू येऊन हाकील. मी त्यांच्या बाजूला, दोन वेण्या, लाल रिबिनी, चेहरा असा की जणू दिल्लीहून परेड बघायला आले आहे. पट्टीच्या टोकाशी गाडी उभी केली होती, किंचित उतारावर. इंजिन घरून येताना तापलेलं. दादा इंजिन बंद करून उतरला तसे बाबूजी कासऱ्यावर सरकले आणि त्यांनी नेहमीसारखी तिला जुंपूनच ठेवली. दादानं हँडल भोकात बसवलं, वाकला, आणि दिलेला शब्द पाळून, जन्मात पहिल्यांदा बाबूजींच्या भाषेत ओरडला:

"सोडली का?"

त्याला विचारायचं होतं, गाडी सोडली का, गिअर काढला का. बाबूजींच्या हातात त्या क्षणी हातब्रेक होता. त्यांच्या लेखी ती वेसण. सोडली का? त्यांनी खटकन वेसण सोडली, आणि मोठ्या आनंदानं, कारण पोरगा अखेर माणसात आला होता, ओरडले:

"सोडली!"

दादानं अर्धाच फेरा दिला असेल. तापलेलं इंजिन एका झटक्यात पेटलं आणि जुंपलेली जीप उसळली. हँडल त्याच्या सदऱ्यात अडकलं, तो मागे पडला, आणि पुढचं चाक त्याच्या डाव्या गुडघ्यावरून गेलं. मी तो आवाज ऐकला. वाळलेली तुऱ्हाटी मोडावी तसा. बाबूजींनी काय केलं ते मी जन्मभर सांगत आले आहे आणि अजून ऋतू ते ऐकून हसते. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीकडे ओढलं, मान मागे टाकली, आणि उधळलेल्या जोडीला थांबवताना धुरकरी रोवतो तसे दोन्ही पाय समोर रोवले. "होऽ हो! होऽ सरदार, हो!" उजवा पाय रोवला गेला तो पेट्रोलवर. जेवढं ते थांबवायला बघत होते तेवढी ती पळत होती. चिवड्याची राहुटी गेली, जिलेबीची कढई उलथली, माणसं दोन्ही बाजूंना धान झोडपल्यासारखी उडाली. आणि मी, जिला क्लच कुठे, ब्रेक कुठे, किल्ली कुठे सगळं पाठ होतं, जी विहिरीवर गाल काळे करून फिरायची, त्या मी काय केलं? मीही स्टिअरिंग धरून ओढायला लागले आणि ओरडायला लागले, "होऽ हो!" शेवटी मोहाच्या झाडानं गाडी थांबवली. माझे पुढचे दोन दात तिथेच राहिले. विहिरीवरच्या बायकांनी मग एकदाचं विचारलं.

गावानं मात्र वेगळंच पाहिलं होतं. गावाला भांडण ठाऊक होतं, कान ठाऊक होता, शपथ ठाऊक होती. पोरानं काहीतरी विचारलं, बाप मोठ्यानं "सोडली" म्हणाला आणि हसत हसत पोराच्या अंगावर गाडी घातली. "बापानं पोराले चिरडलं!" असा ओरडा झाला आणि माणसं धावून आली. बाबूजींना झाडाशी खेचलं. जोडे बसले, लाठ्या बसल्या, बैलांना टोचायच्या खिळ्याच्या काठ्या, आमच्याकडे तुताऱ्या म्हणतात, त्या बसल्या. ज्याचा दात गेला होता तो सगळ्यांत पुढे. आयुष्यभर सगळ्यांना मारत आलेला तो माणूस हात वर उचलत नव्हता, तोंडावर घेत होता, आणि गर्दीच्या फटीतून मोरू दिसतो का ते बघत होता. नाकातून, डोक्यातून रक्त. मी एकाच्या दंडाला चावले, तेव्हा कळलं की चावायचे दात आता नाहीत. मग ओरडत सुटले, "वेसण! वेसण सोडली त्यायनं! वेसण!" तोंडात रक्त, दोन दात कमी, शब्द फसफसत येणार. लोकांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. एका म्हातारीनं माझ्या तोंडावर पाण्याचा हबका मारला.

मी दादाकडे पळाले. त्याला मायनं मांडीवर घेतलं होतं, पाय भलत्याच दिशेला वळलेला, आणि त्याचा चेहरा मी पाहिला तसा पुन्हा कोणाचा पाहायला मिळू नये. दुखण्याचा नव्हता तो. "मारलं माय मले," तो म्हणत होता. "त्याईच्या शब्दात बोललो, तरी मारलं." हँडल त्याच्या मुठीत होतं आणि तो त्यावर रेटून उठायला बघत होता, बापाकडे जायला.

"दादा, वेसण," मी म्हटलं. "तू म्हनला सोडली का. त्याईच्या हातात वेसण होती. त्यायनं वेसण सोडली."

मी पुन्हा सांगितलं. त्याचे ओठ हलले, वेसण, गाडी, दोन्ही सोडली, दोन्ही सोडली. मग त्यानं असा आवाज काढला की मला वाटलं जीव गेला. तो हसत होता. हसता हसता ओकला, आणि मग सगळ्या पटावर ऐकू जाईल असा ओरडला:

"थांबा बे! माह्या बापाले हात लावू नोका! त्याले माराचा हक माहा हाय!"

लोक थांबले. आजही मला नवल वाटतं, पण त्या वाक्यावर थांबले. गावाला तो हक्क पटला असावा.

पुढचा प्रश्न दवाखान्याचा. बैलगाडीनं तुमसर गाठेपर्यंत पायातलं सगळं रक्त रस्त्यावर गेलं असतं. जीप मोहाला नाक लावून उभी होती, दिवा फुटलेला, पण पाणी गळत नव्हतं. हळद टिकली होती. हाकणारा एकच, तो मागे उताणा, पायाला दोन तुताऱ्या माझ्या रिबिनींनी आणि मायच्या लुगड्याच्या पदरानं बांधलेल्या. लोकांनी गाडी मागे ढकलली, मी जू काढून हलकं पेट्रोल दिलं, मामानं हँडल मारलं, आणि मग कासऱ्यावर बाबूजी बसले. एक डोळा बंद, मिशीतलं तूप रक्तात मिसळलेलं. माय हँडल मांडीवर घेऊन दोघांच्या मध्ये. ती म्हणाली, "ज्याचा आवाज चढला त्याच्या डोस्क्यात मी घालीन. आता माही बारी." आणि आम्ही निघालो.

त्या रस्त्यासारखा रस्ता मी पुन्हा पाहिला नाही. दर खड्ड्याला दादा गुरासारखा हंबरायचा, आणि हंबरून झालं की सांगायचा. मागून तो, पुढून बाबूजी.

"उजव्या पायानं... हळू. बोट दाबल्यावानी."

"हे?"

"हो. आता डावा पाय दाबा आन दुसरं जू घाला."

"जू घालतो. घातलं. वेसण?"

"वेसण नोको."

"वेसण धरू का सोडू? नाव घेऊन सांग बाप्पा! नाव घेऊन सांग!"

"वेसण सोडलेलीच राहू द्या बाबूजी. जू घातलेलं राहू द्या. कासरा ओढू नोका. वळवा फक्त."

बाबूजी रडत होते की डोळ्यातून रक्त येत होतं, मला कळत नव्हतं. एका ठिकाणी समोर म्हशींचा कळप आला तेव्हा त्यांचे हात आपोआप छातीकडे ओढले गेले, आणि मागून दादा ओरडला, "वेसण, बाबूजी, वेसण दाबा!" त्यांनी दाबली. जीप थांबली. म्हशी निघून गेल्या. बाबूजी स्वतःच्या पायाकडे बघत म्हणाले, "थांबते की हे." दवाखान्याच्या दारात गाडी उभी केल्यावर उतरायच्या आधी त्यांनी मागे वळून विचारलं, "आता गाडी सोडू ना? गाडी? जू काढू?" दादानं मान हलवली. तेव्हा कुठे त्यांनी जन्मात पहिल्यांदा न्यूट्रल केलं.

पाय वाचला, पण गुडघा वाकेना तो वाकेचना. दादा पुढे आयुष्यभर तो पाय बाजूला टाकून बसला, जेवला, आणि हो, जीपही त्याच पायानं हाकली, क्लचच्या दांड्याला एक लाकडी ठोकळा बांधून. बाबूजींचं मारणं संपलं असं लिहिलं तर माय वरून फुकणी फेकून मारेल. ते चावडीवर मारायचे, बाजारात मारायचे, एकदा माझ्या नवऱ्यालाही मारलं, आणि तो मारण्यालायकच होता. पण दादावर हात उचलला नाही. हँडल ढोलीतून निघून खुंटीवर आलं. आणि आमच्या घरात एक रीतच पडली की नुसतं "सोड" कोणी म्हणायचं नाही. गाय सोड, पाणी सोड, हट्ट सोड, काय ते नाव घेऊन सांगायचं. लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा माझ्या तोंडून पुन्हा पुन्हा "काय सोडू?" ऐकून सासूला वाटलं सून बहिरी मिळाली. कवळीही होतीच.

बाबूजी फार म्हातारे होऊन गेले. शेवटी दोन-तीन दिवस जीव अडकून होता. छातीत जीपसारखी घरघर, डोळे मिटलेले, पण हात खाटेच्या दोरीला घट्ट, पाय ताठ रोवलेले, सगळं अंग मागे ओढलेलं. बघणाऱ्याला वाटावं, समोर काहीतरी उधळलं आहे आणि हा माणूस ते आवरतो आहे. वैद्य म्हणाले, घरच्या कोणीतरी कानात सांगा, मोकळं करा. माय गेलेली होती. दुपार होती, बाहेर धान वाळत घातलं होतं. दादा ताठ पाय ओढत आला, खाटेच्या काठावर बसला आणि बाबूजींच्या कानाशी वाकला.

"बाबूजी. आता सोडा."

बाबूजींनी एक डोळा उघडला. ओठ हलले. आवाज इतका बारीक की मीही वाकले.

"काय सोडू? नाव घेऊन सांग."

दादानं त्यांची मूठ दोरीवरून एकेक बोट करून सोडवली आणि आपल्या हातात घेतली.

"जू सोडा, बाबूजी. वेसण मी धरून आहो."